शॉर्टफिल्म करायची आहे, सुरुवात कुठून करू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयातल्या मुलामुलींकडून लहान लहान चित्रपट-प्रकल्प करून घेताना दर वर्षी तेच प्रश्न फिरून येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. ती क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. फक्त आवाजाबद्दलचं उत्तर गाळू नका, कारण सगळे नेमकं तेच गाळतात.

डोक्यात एक गोष्ट पक्की आहे. थेट शॉर्टफिल्मच का करू नये?

करा, पण थोडे महिने थांबून. पहिलीच फिल्म वीस मिनिटांची करायला घेतली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दोन दिवस उत्साहात शूटिंग होतं, मग एक नट गावाला जातो, दुसऱ्याने दाढी काढलेली असते, फुटेज कुणाच्या तरी लॅपटॉपवर पडून राहतं आणि परीक्षा येतात. फिल्म अर्धवट राहिली याचं दुःख एक वेळ सोडून देऊ. मोठं नुकसान असं की ती कधी एडिटवर बसतच नाही, आणि आपण शूटिंगच्या वेळी काय काय घ्यायचं विसरलो हे फक्त तिथेच कळतं. एका मिनिटाचं, एका अटीत बांधलेलं, पण कापून, आवाज लावून, चार जणांसमोर दाखवून संपवलेलं काम त्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवून जातं.

दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले तेव्हा त्यांनीही लगेच पौराणिक कथेला हात घातला नाही. कुंडीत वाटाण्याचं बी लावलं आणि त्याला कोंब फुटून रोप वाढेपर्यंत ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली, आणि तो तुकडा पाहून पैसे घालायला माणसं तयार झाली. 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये ३ मे १९१३ला लागला तो त्यानंतर. त्या वाटाण्याच्या फिल्ममध्ये नट नाही, कथा नाही, वेशभूषा नाही. पडद्यावरचा काळ आपल्या हातात असतो, एवढी एकच गोष्ट त्यांनी तिच्यातून तपासून पाहिली. विद्यार्थी-प्रकल्प म्हणतात तो हाच.

मग पहिला प्रकल्प कोणता घ्यावा?

सायकलच्या दुकानात एक पंक्चर काढताना चित्रित करा. अटी तीन: संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही, तयार फिल्म एका मिनिटाच्या आत.

हा विषय साधा वाटतो, पण त्याला सुरुवात, अडचण आणि शेवट आयता मिळतो. कारागीर लिव्हरने टायर उचकटतो, ट्यूब बाहेर ओढतो, तिच्यात हवा भरून ती घमेल्यातल्या पाण्यात थोडी थोडी फिरवतो. कुठेतरी बुडबुडे येतात. तिथे बोट दाबलं जातं, जागा कोरडी करून घासली जाते, सोल्यूशन लागतं, ते वाळेपर्यंत तो दुसऱ्या कुणाशी तरी बोलतो, मग ठिगळ, वरून दोन ठोके, परत पाणी, परत टायर, हवा. प्रत्यक्षात पंधरा-वीस मिनिटं. पडद्यावर साठ सेकंद. मधली अठरा मिनिटं कुठे जाणार, हा या प्रकल्पाचा खरा प्रश्न.

बहुतेक जण पाच फुटांवर उभे राहून सगळं एकाच अंतरावरून घेतात. एडिटला बसल्यावर कळतं की एकही तुकडा दुसऱ्याला जुळत नाही, कारण प्रत्येक कटला माणूस जागच्या जागी उडी मारतो. दुसऱ्या खेपेला ते जवळ जातात: हात, घमेलं, बुडबुडे. बुडबुड्यांचा शॉट सगळ्यांना मिळतो. बुडबुडे शोधणाऱ्या माणसाचा चेहरा मात्र फार थोडे घेतात. तो चेहरा हीच सुटकेची वाट असते. ट्यूब पाण्यात आहे, मग चेहरा, आणि पुढच्या शॉटमध्ये ठिगळ बसतं आहे. मधला वेळ गेला हे प्रेक्षकाच्या लक्षातही येत नाही. चेहऱ्याकडे बघताना त्याने तो स्वतःच भरून काढलेला असतो.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे क्रियेवर कापणं. हातोडी वर जाते ती लांबच्या शॉटमध्ये, खाली आदळते ती जवळच्या शॉटमध्ये. यासाठी दोन्ही शॉटमध्ये पूर्ण ठोका हवा. क्रिया सुरू होण्याआधी दोन-तीन सेकंद कॅमेरा चालू करा आणि संपल्यावर तेवढाच वेळ चालू ठेवा. पुढे एडिटवर हेच जादाचे सेकंद उपयोगी पडतात.

आणि हो, पंक्चरचे पैसे द्या. आधी विचारा, गिऱ्हाईक आलं की बाजूला व्हा, 'काका, परत एकदा करा ना' हे एकदाच म्हणा.

पुढचे प्रकल्प कोणत्या क्रमाने करू?

मला सोयीचा वाटणारा क्रम असा. पंक्चरनंतर 'येणं-जाणं': एक व्यक्ती घरातून निघते, तीन वेगवेगळ्या जागांतून जाते आणि एका दारासमोर थांबते. यात दिशा शिकायची. चौकटीतून उजवीकडे बाहेर गेलेली व्यक्ती पुढच्या शॉटमध्ये डावीकडून आत आली, तर ती पुढे चालते आहे असं वाटतं. उजवीकडूनच आत आली, तर परत फिरल्यासारखी. मग दोघांचं संभाषण. मग फक्त आवाजाचा प्रकल्प. मग एका खऱ्या माणसावर तीन मिनिटांचा माहितीपट. आणि शेवटी लिहिलेली छोटी गोष्ट.

माहितीपट गोष्टीच्या आधी मुद्दाम ठेवला आहे. खरा माणूस तुमच्या सांगण्याने हलत नाही, त्यामुळे बघायची सवय लागते. ही सवय नसलेली मुलं पटकथेत एकटेपणा दाखवायला हटकून खिडकीत उभा राहून सिगारेट ओढणारा तरुण घेऊन येतात. तो तरुण मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता तो ओळखीचा वाटतो.

मोबाइल पुरेल का, की कॅमेरा भाड्याने आणावा?

निदान पहिल्या चार प्रकल्पांना मोबाइलच वापरा. भाड्याचा कॅमेरा संध्याकाळी परत द्यायचा असतो, त्या घाईत कुणी शिकत नाही. मोबाइलवर मात्र काही गोष्टी हाताने ठरवायला हव्यात. त्यासाठी अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा किंवा दोन्ही प्रकारच्या फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा ही फुकट ॲप्स आहेत.

सेकंदाला २५ चौकटी आणि शटर (एका चौकटीला किती वेळ उजेड मिळतो ते) १/५० सेकंद ठेवा. कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० असेल तर प्रत्येक चौकटीला सारखा उजेड मिळतो. फोनने आपल्या मनाने १/६० निवडलं की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात, आणि ते नंतर काढणं जिकिरीचं असतं. एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) लॉक करा, नाहीतर पांढरा शर्ट घातलेला माणूस चौकटीत आला की अख्खी खोली अंधारते. बोटांनी झूम करू नका, चार पावलं पुढे जा. फोन एअरप्लेन मोडवर टाका. आणि लेन्स पुसा. हे सांगायची वेळ येऊ नये, पण धुकट दिसणाऱ्या निम्म्या फुटेजचं कारण खिशातला मळ असतो.

एक खाचखळगा मात्र उशिरा कळतो. पुष्कळ फोन चौकटींचा वेग स्थिर ठेवत नाहीत, उजेडाप्रमाणे बदलतात. मग एडिट करताना सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज तिसऱ्या मिनिटाला सुटतात. अशी फाइल आधी हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या.

१८० अंशांचा नियम वाचला, पण शूटिंगच्या वेळी गोंधळ होतो. सोपं करून सांगाल?

कॉलेजच्या कट्ट्यावर दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या आहेत. एकीच्या नाकापासून दुसरीच्या नाकापर्यंत दोरी ताणली आहे असं समजा. कॅमेरा दोरीच्या एकाच बाजूला ठेवायचा. मग पहिली कायम उजवीकडे बघेल, दुसरी डावीकडे, आणि वेगवेगळे शॉट कापले तरी त्या एकमेकींकडे बघत राहतील. दोरी ओलांडून पलीकडून एक शॉट घेतला की दोघीही एकाच दिशेला बघू लागतात, जणू तिसऱ्याच कुणाशी बोलत आहेत. सेटवर याला 'लूक चुकला' म्हणतात.

नियम पाठ करून हे अंगवळणी पडत नाही. आठ-दहा वाक्यांचा संवाद घ्या आणि दोनदा शूट करा, एकदा बरोबर, एकदा मुद्दाम चुकवून. दोन्ही कापून शेजारी शेजारी बघा. ज्यांनी चुकवलेला तुकडा स्वतः कापला आहे त्यांना पुन्हा आकृती काढून दाखवावी लागत नाही.

दोरी ओलांडायची असेल तर प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ओलांडा: कॅमेरा चालत पलीकडे जाऊ दे, किंवा एखादं पात्र उठून जागा बदलू दे. कॅमेरा दोरीच्या रेषेतच ठेवून घेतलेला समोरचा शॉट मध्ये टाकला तरी भागतं. खोलीत तिसरी व्यक्ती आली की प्रत्येक जोडीची वेगळी दोरी तयार होते. तेव्हा आधी सगळ्यांना सामावणारा मास्टर शॉट घ्या, आणि मग ज्या दोघांमध्ये तणाव आहे त्यांचीच दोरी धरा.

लाँग शॉट, मिड शॉट, क्लोजअप: कुठे काय वापरायचं?

याचं कोष्टक नाही. एक सवय लावा. शॉट लावण्याआधी 'हा शॉट काढला तर काय कळणार नाही?' असं विचारा. उत्तर आलं नाही तर तो शॉट घेऊ नका. आणि एकाच माणसाचे दोन शॉट लागोपाठ वापरायचे असतील तर मधे कॅमेऱ्याचा कोन निदान ३० अंशांनी तरी बदला, नाहीतर कट झाल्यासारखा न वाटता फिल्म अडकल्यासारखी वाटते.

चित्र छान येतं, पण आवाजाने फिल्म हौशी वाटते. काय चुकतं?

माइक लांब आहे. नव्वद टक्के वेळा एवढंच. नट आठ फुटांवर आणि आवाज टिपणारा फोन कॅमेऱ्याजवळ, म्हणजे आधी खोली ऐकू येते आणि मग माणूस.

दुसरा फोन घ्या, त्यावर व्हॉइस रेकॉर्डर चालू करा आणि तो चौकटीच्या जरा बाहेर, बोलणाऱ्याच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. टेबलावर पुस्तकांच्या आड, शर्टाच्या खिशात, उशीखाली. कॉलर माइक असेल तर उत्तम, फक्त तो ओढणीवर किंवा नायलॉनच्या कपड्यावर घासू देऊ नका. दोन्ही फोन सुरू झाल्यावर चौकटीत टाळी वाजवा. हात मिटले ती चौकट आणि आवाजाच्या आलेखात उंच टोक आलेला क्षण जुळवला की झालं. क्लॅपबोर्ड नसला तरी चालतो, पण 'सीन दोन, शॉट तीन, टेक एक' हे मोठ्याने म्हणा. तिसऱ्या दिवशी एकशेवीस फाइल्स समोर आल्यावर तुम्ही स्वतःलाच दुवा द्याल.

शूटिंगच्या आधी खोलीत अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प उभं राहा. पंखा बंद. फ्रिज बंद (आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे जाताना फ्रिज चालू करायचं विसरणार नाही). शेजारच्या कुकरची शिट्टी, खालचा भाजीवाला, पाण्याची मोटर यांची वेळ विचारून घ्या. आपल्या इमारतींत शांतता मिळत नाही, तिची वेळ धरावी लागते. पहाटेचं चित्रीकरण बरेचदा उजेडापेक्षा आवाजासाठी सोयीचं असतं.

निघण्यापूर्वी त्याच खोलीचा निदान ३० सेकंद नुसता आवाज रेकॉर्ड करा. याला रूम टोन म्हणतात. दोन संवादांच्या मधे पूर्ण शांतता टाकली तर स्पीकर बंद पडल्यासारखं वाटतं, तिथे हा तुकडा लागतो. शिवाय प्रत्येक महत्त्वाचा संवाद कॅमेरा बंद करून, माइक तोंडाजवळ धरून, नटाकडून त्याच सुरात पुन्हा म्हणून घ्या. आठवड्याने घरी बसून केलेल्या डबिंगपेक्षा हा लगेच घेतलेला आवाज पुष्कळदा चांगला बसतो, कारण नट अजून त्या प्रसंगातच असतो.

फक्त आवाजाचा प्रकल्प म्हणजे काय, असंही विचारतात. पडदा पूर्ण काळा, ९० सेकंद, संवाद नाही. ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की कुणीतरी उशिरा घरी आलं आणि घरातलं कुणीतरी जागं होतं. किल्ली, चप्पल, दिव्याचं बटण, झाकलेल्या ताटावरची वाटी सरकणं. मुलं यात इतकी रमतात की नंतर चित्राच्या फिल्ममध्येही आधी आवाज लिहू लागतात.

लाइट्स नाहीत. प्रकाशयोजना कशी शिकणार?

खिडकी आहे ना? नटाला खिडकीशेजारी बसवा आणि चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला पांढरा थर्माकोल धरा. जवळ आणा, लांब न्या, मग काढून टाका. नंतर त्याच जागी काळं कापड धरा, सावली आणखी गडद होईल. एका दुपारी हे करून बघितलं की मोठ्या सेटवरचे लाइटवाले तेच मोठ्या आकारात करतात हे लक्षात येतं.

खिडकीचा उजेड साधारण ५६०० केल्व्हिनचा (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप), निळसर. पिवळ्या बल्बचा ३२०० किंवा त्याहूनही कमी. दोन्ही एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू काविळीसारखी दिसते. एक तर बल्ब बंद करा, नाहीतर पडदा ओढा. मुद्दाम मिसळायचे असतील तर तसं ठरवून मिसळा. उन्हाळ्यात अकरा ते तीन मैदानात शूटिंग ठेवू नका, डोळ्यांच्या खोबण्या काळ्या पडतात. झाडाची सावली किंवा व्हरांडा बघा. हॅलोजनवर बटर पेपर लावायचा असेल तर काचेपासून चांगला लांब बांधा, तो पेट घेतो.

एडिटिंग कुठल्या सॉफ्टवेअरवर करू, आणि नेमकं काय शिकू?

दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरून उरते, पण तिला बऱ्यापैकी ताकदीचा संगणक लागतो. जुन्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह चालतं. सॉफ्टवेअरवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, मगच फोनमधून पुसा.

शिकायचं काय, याचं उत्तर रशियात शंभर वर्षांपूर्वी मिळालेलं आहे. १९१९ साली मॉस्कोत चित्रपटशाळा निघाली तेव्हा तिथे कच्च्या फिल्मची भयंकर टंचाई होती. लेव्ह कुलेशोव्हसारखे शिक्षक जुन्या फिल्मचे तुकडे कापून-जोडून शिकवत. मोझ्युखिन या नटाचा एकच निर्विकार चेहरा त्याने सूपची थाळी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या शेजारी जोडला. चेहरा तोच, पण बघणाऱ्यांना कुठे भूक दिसली, कुठे शोक, कुठे वासना. हा प्रयोग तुमच्या वर्गात अर्ध्या तासात होतो. मित्राचा काहीही भाव नसलेला दहा सेकंदांचा क्लोजअप घ्या. मग वेगळे तीन शॉट: नोटीसबोर्डावरचा निकाल, बंद घराचं कुलूप, रिकामा डबा. जोडा आणि ज्यांना माहीत नाही त्यांना दाखवा. मित्राच्या अभिनयाचं कौतुक ऐकायला तयार राहा.

कापताना पहिली जोडणी लांबच होते, होऊ द्या. नंतर आवाज बंद करून बघा, गोष्ट कळते का. मग चित्र न बघता नुसतं ऐका. शेवटी प्रत्येक शॉटच्या सुरुवातीचं आणि शेवटचं जे जास्तीचं आहे ते काढा. चार मिनिटांची फिल्म अडीचवर आणणं हा स्वतंत्र गृहपाठ म्हणून मी देतो. रडारड होते, पण अडीच मिनिटांचीच प्रत पुढे पाठवली जाते.

आमच्यात सगळे एकांकिकावाले आहेत. कॅमेऱ्यासमोर नाटकी वाटतं. काय करावं?

महाराष्ट्रात हे होणारच. पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांतून तयार झालेल्या मुलांना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायची सवय असते, आणि ती कमावलेली सवय आहे, तिची टिंगल करू नका. या मुलांकडे पाठांतर, शिस्त आणि तालमीची तयारी असते. हौशी फिल्मच्या सेटवर नेमकं तेच नसतं.

त्यांना 'कमी कर' असं सांगून उपयोग होत नाही, चेहरा फक्त कडक होतो. हाताला काम द्या. शेंगा सोलता सोलता बोल, कपड्यांच्या घड्या घालता घालता बोल. माइक जवळ आहे हे दाखवा, म्हणजे आवाज आपोआप खाली येतो. आणि क्लोजअप घेताना समोरचं पात्र करणाऱ्याला कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी खरोखर बसवा. रिकाम्या भिंतीकडे बघून कुणालाच खरं बोलता येत नाही.

पटकथा कुठून आणू? कथा सुचत नाही.

दिवाकरांच्या नाट्यछटा उघडा. शंकर काशिनाथ गर्गे ऊर्फ दिवाकर १९३१ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांसाठी खुलं होतं, त्यामुळे परवानगीचा प्रश्न येत नाही. नाट्यछटेत एकच जण बोलतो, पण समोर कुणीतरी असतं आणि त्याचं बोलणं आपल्याला ऐकू येत नाही. चित्रपटाच्या विद्यार्थ्यासाठी हा खजिना आहे. समोरचा माणूस दाखवायचा का? दाखवला तर कधी? फक्त त्याचा हात दाखवून भागेल का? संपूर्ण प्रकल्प या एका निर्णयावर उभा राहतो, आणि दोन गटांनी एकच छटा घेतली तरी फिल्म्स वेगळ्या होतात.

स्वतः लिहिणार असाल तर घरात बोलता तसे संवाद लिहा. सांगलीतला मुलगा पडद्यावर आला की एकदम पुण्याच्या बातम्या वाचल्यासारखा का बोलू लागतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.

सगळ्यांना दिग्दर्शकच व्हायचं असतं. कामं कशी वाटायची?

पाच जणांचा गट, पाच प्रकल्प, दर वेळी भूमिका बदलायची: दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, एडिट आणि पाचवं काम कंटिन्युइटी व व्यवस्था. पाचवं काम कुणालाच नको असतं, पण फिल्म तेच वाचवतं. प्रत्येक शॉटनंतर नटाचा फोटो काढायचा. बाही दुमडलेली होती का, ग्लास कितपत भरलेला होता, पिशवी कुठल्या खांद्यावर, वहीत लिहायचं. कुठला टेक ओके आणि कुठला एनजी ('नो गुड', म्हणजे वाया गेलेला) तेही लिहायचं. 'कट' फक्त दिग्दर्शकाने म्हणायचं. सेटवर भांडण झालं तर त्या दिवशी ज्याच्याकडे दिग्दर्शन आहे त्याचं ऐकायचं, आणि हिशेब पुढच्या प्रकल्पात चुकता करायचा.

खर्च किती येतो?

प्रवास, वडापाव-चहा आणि थर्माकोल. यापेक्षा जास्त होत असेल तर प्रकल्प मोठा धरला आहे.

रस्त्यावर, स्टेशनवर किंवा किल्ल्यावर शूटिंग करायला परवानगी लागते का?

रेल्वेच्या हद्दीत लागते, विद्यार्थी असलात तरी. रायगड, शिवनेरी यांच्यासारखे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातले किल्ले असतील तर तिथेही. ड्रोनला २०२१चे ड्रोन नियम लागू होतात, उडवण्याआधी तो भाग कुठल्या रंगाच्या पट्ट्यात येतो हे डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर बघा. सार्वजनिक जागेसाठी महाविद्यालयाच्या लेटरहेडवर पत्र घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात आधी देऊन या. खोटं भांडण, पळापळ किंवा खेळण्यातली बंदूक असलेला प्रसंग न सांगता रस्त्यावर अजिबात करू नका. लोक मदतीला धावतात, आणि तसं धावलंच पाहिजे त्यांनी.

माहितीपटात ज्याला दाखवता त्याची लेखी संमती घ्या. लहान मूल असेल तर आईवडिलांची. आणि पूर्ण झालेली फिल्म त्यांना सगळ्यांच्या आधी दाखवा.

जुनं गाणं वापरलं तर चालेल ना? जुनं आहे म्हणजे मोकळंच असेल.

तसं नसतं. गाण्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षांनी मोकळं होतं, पण शब्द आणि चाल यांची ६० वर्षं कवी-संगीतकार गेल्यानंतर मोजली जातात. यूट्यूबवर टाकल्याक्षणी कंटेंट आयडी (यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा) ते पकडतो आणि आवाज बंद होऊ शकतो. वर्गात पेटी किंवा बासरी वाजवणारं कुणीतरी असतंच, त्याला सांगा. नाहीतर संगीताशिवाय करा. बहुतेक विद्यार्थी-फिल्म्समधलं पियानोचं दुःखी संगीत काढून टाकलं की फिल्म सुधारते.

चित्रपटाचं शिक्षण संस्थेत न घेता हे जमेल का?

पाया जमतो. पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या स्टुडिओत सुरू झाली, आणि तिथेही शिक्षणाचा कणा म्हणजे टप्प्याटप्प्याने अवघड होत जाणारे सरावाचे प्रकल्पच. संस्थेत जे जास्तीचं मिळतं ते म्हणजे सोबत आणि मोठ्या पडद्यावर पाहिलेल्या शेकडो फिल्म्स. पुण्यात असाल तर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या प्रदर्शनांवर लक्ष ठेवा. गावात असाल तर शाळेचा प्रोजेक्टर आणि चादर घेऊन महिन्यातून एकदा फिल्म बघा, आणि तीच फिल्म आवाज बंद करून पुन्हा.

पूर्ण झालेली फिल्म कुठे आणि कशी दाखवावी?

आधी अनोळखी दहा जणांसमोर. फिल्म सुरू होण्याआधी एक शब्दही बोलू नका. 'यात खरं तर असं दाखवायचं होतं' हे वाक्य बंदी घालण्याजोगं आहे. संपल्यावर 'आवडली का' असं विचारू नका, लोक चांगुलपणाने हो म्हणतात. 'गोष्ट काय होती ते सांगा' असं म्हणा आणि वहीत लिहून घ्या. बघताना कुणी कुठे फोन काढला तेही मागे बसून टिपा, तिथला शॉट लांबला आहे.

महोत्सवांना पाठवायची असेल तर आधी त्यांची लांबीची आणि ऑनलाइन प्रदर्शनाची अट वाचा. काही महोत्सव यूट्यूबवर आधीच टाकलेली फिल्म घेत नाहीत. माहितीपट आणि लघुपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० साली सुरू झाला, तिथल्या विद्यार्थी-फिल्म्स बघून या, म्हणजे कुठल्या तयारीच्या कामांशी गाठ आहे ते कळेल. मराठी फिल्मला इंग्रजी सबटायटल्स लागतीलच. ती शूटिंग न पाहिलेल्या कुणाकडून तपासून घ्या, एका वेळी दोन ओळींपेक्षा जास्त ठेवू नका, आणि पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं येत नाहीत ना हे मोठ्या पडद्यावर एकदा लावून बघा.